शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक काढले गेले तर मुलांनी काय करावे

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील आठवी ते बारावीच्या मुलांसमोर आणि त्यांच्या आईवडिलांसमोर गेल्या काही वर्षांत एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. शाळेच्या ग्रंथालयात कालपर्यंत असलेले पुस्तक आज तिथे नसते आणि ते कोणी काढले, का काढले, परत येणार की नाही, याचे उत्तर कोणीही धडपणे देत नाही. पेन अमेरिका या लेखकांच्या संघटनेने २०२३-२४ या शालेय वर्षात सार्वजनिक शाळांतील अशा बंदीच्या १०,०४६ घटना नोंदवल्या. २०२४-२५ मध्ये त्या ६,८७० होत्या. आकडा उतरला असला तरी फ्लोरिडा आणि टेक्सास ही राज्ये यादीत वरच राहिली, आणि ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन, टॅम्पा यांच्या उपनगरांत मराठी घरे किती आहेत, हे निराळे सांगायला नको. हा लेख त्या घरांसाठी आहे. मुलांना मराठी वाचता येत असेल तर त्यांनी तो स्वतः वाचावा. येत नसेल तर आईवडिलांनी वाचावा आणि त्यातले उपयोगाचे ते मुलांना सांगावे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या कामात घोषणांपेक्षा नियम अधिक उपयोगी पडतात. बहुतेक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका भागातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांमध्ये, पुस्तकावरील हरकतीचा निर्णय कसा घ्यायचा याची लेखी पद्धत असते, आणि वादग्रस्त ठरलेल्या अनेक प्रकरणांत तीच पाळली गेलेली नसते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने ती पद्धत डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या स्कूल बोर्डाच्या सभासदांहून अधिक बारकाईने वाचली असेल, तर त्याला बाजूला सारणे फार अवघड जाते.

आधी नेमके काय घडले ते शोधा

पुस्तक कपाटात दिसले नाही म्हणजे त्यावर बंदी आली, असे लगेच गृहीत धरू नये. ग्रंथपाल दरवर्षी फाटलेली, कालबाह्य झालेली, वर्षानुवर्षे कोणी न नेलेली पुस्तके काढून टाकतात, आणि ते त्यांच्या कामाचा नेहमीचा भाग आहे. म्हणून पहिले काम शाळेच्या ग्रंथालयाचा ऑनलाइन कॅटलॉग उघडून पाहण्याचे. पुस्तकाची नोंदच नाही, नोंद आहे पण प्रत उपलब्ध नाही, की पुस्तक फक्त वरच्या इयत्तांसाठी राखून ठेवले आहे, या तिन्ही गोष्टींचे अर्थ निराळे आहेत. जे दिसेल त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवावा, कारण कॅटलॉगमधील नोंद बदलायला क्षणही लागत नाही.

त्यानंतर ग्रंथपालांशी बोलावे, परंतु त्यांची अडचण ओळखून बोलावे. अनेक ठिकाणी ग्रंथपालांना या विषयावर जाहीरपणे बोलण्याची मुभा नसते आणि काहींना नोकरी जाण्याची भीती असते. त्यांना शाळेच्या ईमेलवर लिहून कोंडीत पकडू नये, त्यांचे शब्द बोर्डासमोर उद्धृत करू नयेत आणि त्यांच्या नावाने समाजमाध्यमांवर काहीही टाकू नये. “या पुस्तकावर लेखी हरकत आली आहे का, आणि आली असल्यास समिती बसली आहे का?” हा एक प्रश्न प्रत्यक्ष भेटून विचारणे पुरेसे आहे. ते बोलू शकत नसतील तर तेही समजून घ्यावे.

खरी माहिती कागदांतून मिळते. डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर बोर्डाची धोरणे असतात. टेक्सासमधील बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये ग्रंथालयासंबंधीचे धोरण ‘ईएफबी’ या अक्षरांखाली सापडते. हरकतीचा अर्ज कसा दिसतो तोही पाहावा. अशा अर्जात सहसा विचारलेले असते की, तुम्ही पुस्तक पूर्ण वाचले आहे का, कोणत्या पानांवर तुमचा आक्षेप आहे, आणि पुस्तकाचे काय व्हावे असे तुम्हाला वाटते. पहिल्या प्रश्नाला “नाही” असे उत्तर देऊन भरलेला अर्ज हाती लागला, तर तो मुलांच्या बाजूचा फार मोठा पुरावा असतो. तो मिळवण्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. येथे अनेकांची गल्लत होते. फेडरल सरकारचा माहितीचा कायदा शाळांना लागू होत नाही, त्यासाठी राज्याचा कायदा वापरावा लागतो. न्यू जर्सीत तो ‘ओप्रा’ (ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट) या नावाने ओळखला जातो आणि साधारणपणे सात कामकाजी दिवसांत उत्तर अपेक्षित असते. टेक्सासमध्ये ही मुदत दहा कामकाजी दिवसांची आहे. अर्ज नेमका असावा. “सेन्सॉरशिपविषयी सर्व कागदपत्रे” असे मागितले तर महिने जातात. “अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्रंथालयातील पुस्तकांवर आलेले हरकतीचे सर्व अर्ज आणि त्यांवरील समितीचे निर्णय” असे मागितले तर उत्तर मिळते.

पुस्तक अखेरपर्यंत वाचा

हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. बोर्डाच्या बैठकीत पुस्तकातील एक-दोन परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. संदर्भ तोडून वाचलेला उतारा ऐकणाऱ्याला धक्का देतो, आणि त्याला उत्तर देता येते ते केवळ संपूर्ण पुस्तक वाचलेल्या माणसाला. त्या पानाच्या आधी काय घडले आहे, ती व्यक्तिरेखा पुढे काय करते, लेखकाने तो प्रसंग कशासाठी लिहिला, हे ज्या मुलीला ठाऊक आहे तिने शांतपणे एका मिनिटात ते सांगितले, तर त्या उताऱ्याचे वजन बदलते. कायद्याची दृष्टीही हीच आहे. अश्लीलता ठरवण्यासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली जी कसोटी घालून दिली, तीत साहित्यकृती समग्रपणे पाहावी लागते आणि तिला गंभीर वाङ्मयीन, कलात्मक, राजकीय किंवा शास्त्रीय मूल्य आहे का, हे तपासावे लागते.

पुस्तक शाळेत मिळत नसेल तर गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात पाहावे. तिथेही नसेल तर ब्रुकलिन पब्लिक लायब्ररीने एप्रिल २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘बुक्स अनबॅन्ड’ या योजनेची चौकशी करावी. तिच्यात अमेरिकेत कुठेही राहणाऱ्या १३ ते २१ वयाच्या मुलांना विनामूल्य ई-कार्ड देण्याची सोय करण्यात आली, आणि पुढे सिअ‍ॅटलसह इतर काही शहरांची ग्रंथालयेही तिच्यात आली.

वाचून झाल्यावर पुस्तक आवडले नाही तरी हरकत नाही. न आवडलेल्या पुस्तकाच्या बाजूने बोलणारा विद्यार्थी अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण त्याचा मुद्दा आवडीचा नसून हक्काचा आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते.

घरातले बोलणे

मराठी घरांत हा टप्पा टाळून चालत नाही. ज्या पुस्तकांवर हरकती येतात त्यांतील बरीचशी वंशभेद, समलैंगिकता, लैंगिक अत्याचार किंवा आत्महत्या यांविषयी असतात, आणि आपल्यापैकी अनेकांना मुलांशी या विषयांवर बोलण्याची सवय नसते. एखाद्या वडिलांना मनातून असेच वाटत असेल की, हे पुस्तक गेले ते बरेच झाले. मुलांनी या भावनेची टर उडवू नये आणि वडिलांनी ती लपवू नये. आपल्या मुलाने काय वाचावे हे ठरवण्यात पालकांचा वाटा असतोच, आणि अनेक शाळांत एखादे पुस्तक आपल्या मुलाला देऊ नये असे लेखी कळवण्याची सोय असते. परंतु एका घराने शेजारच्या साऱ्या घरांसाठी निर्णय घ्यावा का, हा प्रश्न पूर्णपणे वेगळा आहे. हा फरक घरात नीट बोलला गेला, तर मतभेद असूनही आईवडील मुलाला गाडीत बसवून बैठकीला नेतात, असा माझा विश्वास आहे. आणीबाणीतील सेन्सॉरशिप ज्यांनी पाहिली, १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गा भागवतांनी अध्यक्षपदावरून घेतलेली भूमिका ज्यांना आठवते, असे आजी-आजोबा घरात किंवा फोनवर असतील तर त्यांना या बोलण्यात जरूर घ्यावे. नातवंडांना या विषयाची घरचीच बाजू त्यांच्याकडून कळेल.

सोबती जमवा, पण वर्ग बुडवू नका

पेनसिल्व्हेनियातील सेंट्रल यॉर्क डिस्ट्रिक्टचे उदाहरण मुलांनी मुद्दाम अभ्यासावे. २०२० साली तिथल्या बोर्डाने शिक्षकांसाठी तयार केलेली वाचनसाहित्याची एक मोठी यादी गोठवली. वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या रोझा पार्क्स यांच्यावर लहान मुलांसाठी लिहिलेले पुस्तकही तीत होते. सप्टेंबर २०२१ मध्ये हायस्कूलमधील विद्यार्थ्यांच्या एका गटाने रोज सकाळी, शाळा भरण्याच्या आधी, शाळेबाहेर फलक घेऊन उभे राहण्यास सुरुवात केली. कोणाचा तास बुडाला नाही, त्यामुळे गैरहजेरीचे कारण काढून कोणाला दंड करता आला नाही; आणि रोज घडत असल्यामुळे स्थानिक वार्ताहरांना येण्यासाठी नवी सबब लागली नाही. २० सप्टेंबर २०२१ रोजी बोर्डाने एकमताने निर्णय मागे घेतला. वर्ग सोडून बाहेर पडण्यापेक्षा ही रीत मला कितीतरी अधिक परिणामकारक वाटते.

गट मोठा असण्याची गरज नाही. टेक्सासमधील लिअँडर डिस्ट्रिक्टच्या व्हँडेग्रिफ्ट हायस्कूलमध्ये विद्यार्थिनींनी २०२१ साली वादग्रस्त पुस्तके वाचणारे मंडळ सुरू केले, आणि अशा मंडळाचा मोठा फायदा हा की बोलण्याची वेळ येते तेव्हा पुस्तक वाचलेली मुले तयार असतात. आपल्या गटात वेगवेगळ्या पार्श्वभूमीची मुले असावीत; त्यांत चर्चमध्ये नियमित जाणारी, खेळाडू, बँडमधली अशीही असावीत, म्हणजे “ही ठरावीक मुलांची तक्रार आहे” असे म्हणायला कोणाला जागा उरत नाही.

बोर्डासमोरची तीन मिनिटे

स्कूल बोर्डाची बैठक सहसा महिन्यातून एकदा-दोनदा संध्याकाळी असते. विषयपत्रिका आधी संकेतस्थळावर लागते, आणि नागरिकांना बोलण्यासाठी राखलेल्या वेळेत नाव नोंदवावे लागते. कुठे ते दुपारी ऑनलाइन फॉर्मवर, तर कुठे दारातल्या कार्डावर. काही ठिकाणी अल्पवयीन वक्त्याला पालकांची सही लागते. हे नियम आदल्या आठवड्यातच वाचून ठेवावेत. बोलायला दोन किंवा तीन मिनिटे मिळतात. वेळ संपली की घंटा वाजते किंवा माइक बंद होतो, आणि मोठ्या माणसांचेही वाक्य अर्धे तुटते. शिवाय वक्त्यांची संख्या वाढली तर अध्यक्ष ऐनवेळी तीन मिनिटांचे एक मिनिट करू शकतात. त्यामुळे भाषणाच्या दोन आवृत्त्या खिशात असाव्यात, एक पूर्ण आणि एक मिनिटभराची.

भाषण अर्थातच इंग्रजीत होईल, परंतु त्याची घडण कशी असावी हे दाखवण्यासाठी एक नमुना मराठीत देतो:

“मी दहावीत शिकते आणि या डिस्ट्रिक्टमध्ये पहिलीपासून आहे. ज्या पुस्तकाविषयी आज मतदान आहे ते मी संपूर्ण वाचले आहे. मागच्या बैठकीत वाचून दाखवलेला प्रसंग एका मुलीवर झालेल्या अत्याचाराचा आहे. पुढच्या प्रकरणात ती पहिल्यांदा आपल्या शिक्षिकेला ते सांगते आणि तिथून तिला मदत मिळू लागते. आपल्या धोरणानुसार हरकत आल्यावर समितीने पुस्तक वाचून लेखी अहवाल द्यायचा असतो. समितीची बैठक झाल्याची नोंद मला मागितलेल्या कागदपत्रांत मिळाली नाही. माझी विनंती अशी आहे की, समितीचा अहवाल येईपर्यंत पुस्तक ग्रंथालयात परत ठेवावे.”

यात आपण कोण हे एका वाक्यात आले, पुस्तक वाचल्याचे स्पष्ट झाले, आक्षेपाला आशयातूनच उत्तर मिळाले, बोर्डाचा स्वतःचाच नियम समोर ठेवला गेला, आणि अखेरीस एकच विनंती केली गेली, जिच्यावर बोर्डाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येते. लोकशाही, विचारस्वातंत्र्य, हुकूमशाही हे शब्द एकदाही आले नाहीत. ते मनात जरूर असावेत, पण तीन मिनिटांत त्यांना जागा देणे परवडत नाही. कोणत्याही सभासदावर वैयक्तिक टीका करू नये आणि प्रेक्षकांतून कोणी ओरडले तरी तिकडे पाहू नये. बोलून झाल्यावर लेखी प्रत सचिवाकडे द्यावी आणि ती बैठकीच्या नोंदींत जोडण्याची विनंती करावी.

गटातील सर्वांनी तेच तेच बोलू नये. एकीने पुस्तकाविषयी, दुसऱ्याने नियमाविषयी, तिसऱ्याने त्या पुस्तकाचा आपल्याला झालेल्या उपयोगाविषयी बोलावे. तिसरे भाषण सर्वांत परिणामकारक असते, पण त्यासाठी कोणालाही आपले खासगी दुःख उघडे करायला भाग पाडू नये.

कायदा कुठवर साथ देतो

मुलांना दोन निकाल ठाऊक असावेत. १९६९ च्या टिंकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, विद्यार्थ्यांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य शाळेच्या दाराशी संपत नाही. त्या खटल्यातील मेरी बेथ टिंकर हिने व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळी फीत बांधली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. दुसरा निकाल थेट ग्रंथालयाचा आहे. न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज डिस्ट्रिक्टने १९७६ मध्ये काही पुस्तके काढली, सतरा वर्षांच्या स्टीव्हन पिको याने सहविद्यार्थ्यांसह १९७७ च्या जानेवारीत दावा लावला, आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. केवळ त्यातील विचार पटत नाहीत म्हणून बोर्डाने ग्रंथालयातून पुस्तक काढू नये, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिले. मात्र कौल बहुमताचा असला तरी ब्रेनन यांच्या या कारणमीमांसेवर न्यायमूर्तींचे बहुमत नव्हते, आणि म्हणून हा निकाल वाटतो तितका भक्कम नाही. मे २०२५ मध्ये टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी ही राज्ये ज्याच्या कक्षेत येतात त्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने टेक्सासच्या ल्यानो काउंटीच्या प्रकरणात सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तके काढण्याला वाचकांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे आव्हान देता येत नाही असे ठरवले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. त्यामुळे या तीन राज्यांतील मुलांनी सध्या न्यायालयावर फार भिस्त ठेवू नये. तिथे बोर्ड आणि विधिमंडळ हीच खरी ठिकाणे आहेत. टेक्सासच्या २०२५ च्या कायद्यानुसार शाळेच्या ग्रंथालयासाठी नवी पुस्तके घेतानाही बोर्डाची मंजुरी लागते आणि यादी आधी जाहीर करावी लागते. ही यादी मुलांनी दर वेळी वाचावी, कारण जे पुस्तक विकतच घेतले जात नाही त्याच्या बंदीची नोंद कुठेही होत नाही.

अन्य राज्यांत चित्र निराळे आहे. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२४ पासून, वैचारिक कारणाने पुस्तकांवर बंदी घालणाऱ्या ग्रंथालयांना राज्याच्या अनुदानास मुकावे लागते. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी डिसेंबर २०२४ मध्ये वाचनस्वातंत्र्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली; त्यात ग्रंथपालांना संरक्षण आहे आणि हरकतीचा निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच ठेवावे लागते. फ्लोरिडात याच्या नेमके उलट झाले. तिथल्या २०२३ च्या कायद्याने लैंगिक वर्णनाची हरकत आली की निर्णयाआधीच, पाच शालेय दिवसांत, पुस्तक बाजूला ठेवण्याची सक्ती केली. म्हणूनच एका राज्यातील मुलांची यशस्वी युक्ती दुसऱ्या राज्यात जशीच्या तशी चालत नाही.

मतदानाचे वय अठरा असले तरी बोर्डाच्या निवडणुकांकडे मुलांनी पाठ फिरवू नये. न्यू जर्सीतील न्यूअर्क शहरात २०२५ पासून सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येते. इतरत्रही या निवडणुकांत मतदान फार कमी होते, आणि नागरिकत्व मिळालेले मराठी पालक अध्यक्षपदाच्या निवडणुकीला जितक्या उत्साहाने जातात तितक्या उत्साहाने बोर्डाच्या निवडणुकीला जात नाहीत, हे मला फार खटकते. मुलांनी आपल्या आईवडिलांना त्या तारखेची आठवण करून द्यावी.

व्हिसावरील कुटुंबांसाठी

बोर्डाच्या बैठकीचे चित्रीकरण होते आणि ते वर्षानुवर्षे इंटरनेटवर राहते. ज्यांचे आईवडील एच-१बीवर आणि मुले एच-४वर आहेत, त्यांना डिसेंबर २०२५ पासून व्हिसासाठी अर्ज करताना समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक ठेवण्यास सांगितले जाते. बोर्डासमोर शांतपणे बोलणे पूर्णपणे कायदेशीर आहे. तरीही काळजी वाटत असेल तर इमिग्रेशन वकिलाला आधी विचारावे, आणि त्या मुलाने पडद्यामागचे काम घ्यावे. कागदपत्रे मागवणे, धोरणांची टिपणे काढणे, भाषणे तपासणे, मंडळाची वाचनयादी सांभाळणे ही कामे कमी प्रतीची नाहीत, आणि ती नीट झाल्याशिवाय माइकसमोर उभे राहणाऱ्याकडे सांगण्यासारखे काही नसते. मुलींना आणि समलैंगिक मुलांना बैठकीनंतर घाणेरडे संदेश येण्याचा संभव अधिक असतो. असे संदेश पुसून टाकू नयेत, उत्तरही देऊ नये. जपून ठेवावेत आणि पालकांना व शाळेच्या कौन्सेलरला दाखवावेत.

निर्णयानंतर

बोर्डाने पुस्तक परत ठेवण्याचे ठरवले, तरी ते प्रत्यक्ष कपाटात आले का, हे दोन आठवड्यांनी पुन्हा कॅटलॉगमध्ये पाहावे. प्रत हरवली असेल तर नवी घेण्याची विनंती लेखी करावी. निर्णय विरुद्ध गेला, तर धोरणात अपिलाची तरतूद आहे का आणि त्याच पुस्तकाचा फेरविचार किती काळाने करता येतो, ते शोधावे. पिकोच्या दाव्याला पाच वर्षांहून अधिक काळ लागला आणि निकाल आला तेव्हा तो शाळेतून केव्हाच बाहेर पडला होता. म्हणून स्क्रीनशॉट, आलेली कागदपत्रे, बोर्डातील प्रत्येक सभासदाने कोणत्या बाजूने मत दिले त्याची नोंद आणि आजवरची भाषणे एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवावीत. हे फोल्डर शाळेच्या खात्यावर नसावे, कारण शाळा सोडताच ते खाते बंद होते. बारावीतील मुलांनी मे महिन्यात, परीक्षांच्या गडबडीपूर्वी, नववी-दहावीतील दोघांना ते उघडून दाखवावे आणि पुढच्या बैठकीला त्यांनाच बोलू द्यावे.